आधी रोगी, मग कागद. पण कागद बिनचूक



उसात कुणाला पान लागलं, फवारणीचं औषध बाधलं किंवा ट्रॉली उलटली, की मिळेल त्या गाडीत माणूस घालून आपण दवाखाना गाठतो. तिथे पहिली गडबड होते ती खिडकीवर. कुणी पेशंटला बाकावर बसवून केसपेपरच्या रांगेत उभा राहतो, तर कुणी घाईत घरातलं टोपणनावच सांगून मोकळा होतो. पहिल्या चुकीने वेळ जातो, दुसरीने पुढे पैसा अडतो. म्हणून नोंदणीची व भरतीची रीत येथे क्रमाने देत आहोत.

१) दार कोणते? साधा ताप-खोकला असेल तर बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीवर केसपेपर काढावा. सर्पदंश, विषबाधा, अपघात, छातीत कळ, अडलेली बाळंतीण यांना रांग नाही. सरळ अपघात विभागात न्यावे. केसपेपर दुसऱ्या माणसाने काढावा. पोलिसांचे सोपस्कार होईपर्यंत उपचार थांबवता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली दिला आहे. गाडी नसेल तर १०८ ला फोन करावा.

२) काय सांगावे? नाव आधारकार्डावर आहे तसेच पूर्ण सांगावे. 'बाळू', 'नाना' चालणार नाही. वय, गाव व नातेवाइकाचा फोन द्यावा. पान किती वाजता लागलं, कोणतं औषध फवारत होता हे नक्की सांगावे. औषधाचा डबा सोबत न्यावा. अशा केसची पोलिसांत नोंद होते. त्याला भिऊन खोटे कारण सांगू नये, उपचारच चुकतील.

३) भरती. दाखल करायचे की नाही हे डॉक्टर ठरवतात व तसे केसपेपरवर लिहितात. मग आंतररुग्ण क्रमांक पडतो, वॉर्ड व खाट मिळते. शस्त्रक्रियेपूर्वी संमतीपत्रावर सही किंवा अंगठा घेतात. ते आधी वाचून घ्यावे, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणावे. त्यात लाज कसली?

४) पैसा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर व उपचार मोफत झाले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्यात धरलेली नाहीत. खासगी दवाखान्यात जायचे तर तो महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का, हे अनामत भरण्याआधी विचारावे. असल्यास तिथल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड व आधार दाखवून नोंद करावी. योजनेत ठरलेल्या आजारांवर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. तातडीच्या वेळी उपचार आधी सुरू होऊन कागद मागाहून देता येतात. चौकशीचा फोन १५५३८८.

तोडणीच्या टोळीलाही हे लागू आहे. राज्यातले रेशनकार्ड गावाकडचे असले तरी चालते, पण ते खोपीत हवे, गावाकडच्या पेटीत नव्हे. मुकादमाने प्रत्येक जोडीच्या कार्डांच्या प्रती हंगामाच्या सुरुवातीलाच जवळ ठेवाव्यात.

५) घरी सोडताना. डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे कागद व बिलाची पावती घेतल्याशिवाय निघू नये. नाव बरोबर आहे का ते तिथेच पाहावे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशही येतो. शेतकरी दगावला तर घरच्यांना २ लाख रुपये मिळू शकतात. पण सातबारावर एक नाव आणि दवाखान्याच्या कागदावर दुसरे, असे झाले तर बिचाऱ्या घरच्यांनी कुठकुठे खेटे घालायचे?

तेव्हा आज एवढे कराच. घरातल्या सर्वांच्या आधारची व रेशनकार्डाची प्रत एका पिशवीत घालून ती दाराजवळच्या खुंटीला अडकवा, आणि पिशवी कुठे आहे हे घरातल्या पोराबाळांनाही दाखवून ठेवा. रात्री-अपरात्री तीच उपयोगी पडेल.