बायपासनंतर बाजेवर किती दिवस?

बायपास होऊन माणूस घरी आला की आपल्या वस्तीत दोनपैकी एक गोष्ट घडते. पुरुष असेल तर त्याला बाजेवर निजवतात, सहा-सहा महिने पाण्याचा तांब्याही हातात आणून देतात. बाई असेल तर ती तिसऱ्या आठवड्यात हंडा उचलते, कारण उचलायला दुसरं कोणी नसतं. धोका दोन्हींत आहे. वैजापूर तालुक्यातल्या वस्त्यांत फिरताना आम्हाला हे सारखं दिसतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे बायपास आणि झडप बदलण्याची ऑपरेशनं आज मजुराच्या घरातही होतात. पण पुढचे तीन महिने कसे काढायचे, हे बरेचदा कार्डावर इंग्रजीत दोन ओळींत लिहिलेलं असतं. सुट्टी होण्याआधी डॉक्टरांना, सिस्टरला, आरोग्यमित्राला ते मराठीत सांगायला लावा. तो आपला हक्क आहे, उपकार नाही.

पडून राहण्याची भीती मुळात डॉक्टरांकडूनच आलेली आहे. पूर्वी हृदयविकाराच्या रुग्णाला कित्येक आठवडे खाटेवरून उठू देत नसत. १९५२ साली अमेरिकेतल्या लेव्हाइन आणि लाऊन या डॉक्टरांनी रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्याचा आपला अनुभव प्रसिद्ध केला, आणि ते त्या काळी धाडसच होतं. १९७३ साली कॅनडातल्या टोरांटोचे डॉ. टेरेन्स कॅव्हॅना यांचे काही रुग्ण, ज्यांना झटका येऊन गेला होता, बोस्टनची मॅरेथॉन धावले. आपल्याकडचं उदाहरण गडचिरोलीचे डॉ. अभय बंग. १९९५ साली, पन्नाशीच्या आतच त्यांना झटका आला. त्यानंतर चालणं, योगासनं, ध्यान आणि आहार यांनी आयुष्य कसं बदललं, ते त्यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात लिहिलं आहे. वाचनालयात असेल तर जरूर वाचा. भारतातल्या २४ रुग्णालयांत ३,९५९ रुग्णांवर योगावर आधारित पुनर्वसनाचा अभ्यास झाला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात योग करणाऱ्यांची तब्येत त्यांच्याच सांगण्याप्रमाणे अधिक सुधारली, ते रोजच्या कामाकडे अधिक चांगले परतले. मृत्यू किंवा पुन्हा झटका येण्याचं प्रमाण मात्र ठामपणे कमी झालेलं दिसलं नाही. म्हणून योग करा, पण गोळ्या सोडू नका.

आता हाडाचं. बायपासमध्ये बहुतेक वेळा छातीचं मधलं हाड उभं कापून तारेनं बांधतात. ते सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, पक्कं व्हायला सुमारे तीन महिने. तोवर चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. भरलेला हंडा पंधरा किलोच्या घरात जातो. हापसा मारणं, ओले कपडे पिळणं, म्हशीचा दोर ओढणं, नातवाला कडेवर घेणं, गाडीला किक मारणं, या सगळ्याचा ताण त्याच हाडावर येतो. उठताना हातावर भार देऊ नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग उठा. खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरा. छातीत ‘कट्’ असा आवाज येत असेल, जखमेतून पाणी येत असेल, ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आपल्यासाठी यात एक खास गोष्ट आहे. पंचांग प्रणामात तळहातांवर सगळा भार येतो. तीन महिने उभ्यानं किंवा खुर्चीत बसून हात जोडा, वंदना तेवढीच पूर्ण होते. प्रत्येक विहारात दोन-चार खुर्च्या असाव्यात, आणि खुर्चीत बसणाऱ्याकडे बघून नाक मुरडणं बंद व्हावं.

चालणं मात्र पहिल्या आठवड्यापासून. अंगणात पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. रोज मिनिट-दोन मिनिटं वाढवत चार ते सहा आठवड्यांत सलग अर्धा तास. भगवान बुद्धांनी भिक्खूंना चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले, ते अंगुत्तर निकायात आहेत: लांबचा प्रवास झेपतो, परिश्रमाची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेलं पचतं, मिळवलेली एकाग्रता टिकते. वेग किती ठेवायचा? चालताना बोलता येतं पण भीमगीत म्हणता येत नाही, इतका. नाडी मोजून वेग ठरवू नका, कारण मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्यांनी नाडी मुळातच संथ पडते. जेवल्यावर तासभर थांबा. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडचं ऊन बाधतं, तेव्हा सकाळी सातच्या आत उरकून घ्या. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत थोडं अंतर चाला, लेझीम यंदा दुसऱ्यांना खेळू द्या.

शेतमजुराचं काम हाच त्याचा व्यायाम, असं लोक म्हणतात. अर्धंच खरं आहे. कापूस वेचणं आणि पोती उचलणं यांत मोठा फरक आहे. पहिलं दोन-अडीच महिन्यांनी हळूहळू सुरू करता येतं, दुसऱ्यासाठी डॉक्टरांची परवानगी लागते. दम कोंडून जोर लावण्यानं रक्तदाब एकदम चढतो. ज्या घरात रोजंदारीवाचून चूल पेटत नाही तिथे हे सांगणं सोपं नाही, आम्हाला माहीत आहे. म्हणून वस्तीतल्या बचत गटांनी अशा घराचं पाणी आणि दळण तीन महिने वाटून घ्यावं.

खेळाचं विचाराल तर जोर, सूर्यनमस्कार, क्रिकेटची गोलंदाजी तीन महिन्यांच्या आत नको. त्यानंतरही आधी टू-डी इको आणि पट्ट्यावर चालून करायची स्ट्रेस टेस्ट, मग मैदान. धातूची झडप बसवलेल्या तरुणांना मात्र कडकच सांगतो. तुमची रक्त पातळ करण्याची गोळी जन्मभराची आहे. कबड्डी आणि कुस्तीत डोक्याला किंवा पोटाला मार लागला तर आतला रक्तस्राव थांबत नाही, म्हणून हे खेळ बंद. चालणं, हळू धावणं, बॅडमिंटन डॉक्टरांना विचारून चालेल. लहानपणी हृदयाचं छिद्र बुजवलेल्या मुलांना तर शिक्षक उगाच वर्षानुवर्षं पीटीच्या तासाला बाजूला बसवतात. डॉक्टरांची चिठ्ठी आणून द्या आणि खेळू द्या.

चालताना छाती दाबल्यासारखी झाली, डावा हात किंवा जबडा दुखला, चक्कर आली, दरदरून घाम फुटला तर तिथेच बसा. डॉक्टरांनी दिली असेल तर सॉर्बिट्रेटची गोळी बसूनच जिभेखाली ठेवा. पाच मिनिटांत उतार नसेल तर १०८ ला फोन करा. मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका. गोळी आणि कार्ड दोन्ही खिशात ठेवूनच घराबाहेर पडा. लुगड्याला खिसा नसतो, तेव्हा कनवटीला लहान पिशवी बांधा.