टर्बो गाडी मिसिंग करतेय? पार्ट विकण्याआधी तपासणी विका

गॅरेज सुरू करू पाहणाऱ्यांसाठीच्या आपल्या मालिकेतला हा पुढचा धडा. व्हिडिओत जे हाताने करून दाखवलं तेच इथे नीट लिहून देतोय, म्हणजे बॉनेट उघडं असताना मोबाईल बाजूला ठेवून वाचता येईल.

विषय असा. टर्बो पेट्रोल गाडी झटके मारते, पिकअप जातो, मधूनच सायलेन्सरमधून फटाका फुटल्यासारखा आवाज येतो. एक लिटरच्या, तीन सिलिंडरच्या अशा टर्बो गाड्या आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचल्यात. वॉरंटी संपली की त्या तुमच्याच दारात येणार. आणि पुष्कळ ठिकाणी मग काय होतं? स्कॅनर लावला, मिसफायरचा कोड दिसला, "साहेब, कॉइल गेली." कॉइल बदलली. चार दिवसांनी गाडी परत. मग प्लग. मग इंजेक्टर. तिसऱ्या खेपेला गाडी येतच नाही, दुसऱ्या गॅरेजला जाते. तिथे तुमचं नाव कसं निघतं ते मी सांगायला नको.

आधी हा कोड म्हणतो काय ते समजून घ्या. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पी०३०२ म्हणजे दुसऱ्यात. पी०३०० म्हणजे एकाच सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही, कुठेही होतोय. गाडीच्या कॉम्प्युटरला हे कळतं क्रँक सेन्सरवरून. ज्या सिलिंडरने धक्का द्यायला हवा होता तो बसला नाही, क्रँकचा वेग क्षणभर पडला, त्याने नोंद केली. बस्स. धक्का का बसला नाही, हे त्याला ठाऊक नाही. ठिणगी नव्हती, पेट्रोल कमी-जास्त झालं, हवा चुकली की कॉम्प्रेशनच गेलं, हे शोधायचं काम तुमचं आणि पैसे त्याचेच मिळायला हवेत.

पहिलं हत्यार फुकट आहे: प्रश्न. गिऱ्हाइकाला विचारा, "कधी होतं?" सकाळी थंड इंजिनला? सिग्नलला उभं असताना? की खंबाटकी चढताना, गाडी भरलेली असताना? "कधीपण होतं हो" हे उत्तर घेऊ नका, दोन मिनिटं बसवून चहा द्या आणि पुन्हा विचारा. शेवटची सर्व्हिस कधी झाली, इंजिन पाण्याने धुतलं होतं का, गाडी बरेच दिवस उभी होती का, हेही विचारा. प्रेशरने बॉनेटच्या आत पाणी मारलं की ते प्लगच्या खड्ड्यात जाऊन बसतं. आणि उभ्या गाडीतल्या वायरी उंदराने कुरतडणं तर आपल्याकडे नेहमीचंच.

टर्बोमध्ये "कधी" याला जास्त किंमत आहे, कारण हे बघा. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो. सिलिंडरमध्ये दाब वाढला की प्लगच्या फटीतून ठिणगी उडणं अवघड होतं, कॉइलला जास्त व्होल्टेज लागतं. थकलेली कॉइल, तडा गेलेला तिचा रबरी बूट, झिजून गॅप वाढलेला प्लग, हे सगळं आयडलला गोड वागतं आणि चढावर पाय दाबला की हात वर करतं. म्हणून जागेवर रेस देऊन "काही नाही, ठीक आहे" म्हणू नका. रस्त्यावर ट्रायल घ्या. एकाने चालवायचं, दुसऱ्याने शेजारी बसून स्कॅनर बघायचा. दोन्ही कामं एकट्याने करायची नाहीत.

कोड एकाच सिलिंडरचा असेल तर अदलाबदल करा. समजा दुसऱ्याचा कोड आहे. दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर, तिसऱ्याची दुसऱ्यावर. कोड पुसा, त्याच चढावर पुन्हा न्या. कोड तिसऱ्यावर सरकला तर कॉइल दोषी, पुरावा हातात. नाही सरकला तर प्लगची अदलाबदल. एक रुपयाचा पार्ट न आणता अर्धी तपासणी झाली.

प्लग काढलाच आहे तर नीट बघा. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. ओलसर तेलकट म्हणजे ऑइल आत येतंय. प्लगच्या खड्ड्यातच ऑइल असेल तर वरच्या कव्हरचं गास्केट बघा. गॅप मोजा. बऱ्याच टर्बो पेट्रोल इंजिनांत तो ०.७ ते ०.८ मिलिमीटरच्या आसपास असतो, साध्या इंजिनापेक्षा कमी, पण त्या मॉडेलचं मॅन्युअल म्हणेल तेच खरं. इरिडियम प्लगचं टोक बारीक असतं, जपून. बसवताना टॉर्क रेंच वापरा.

एक जुनी सवय मात्र सोडा. इंजिन चालू ठेवून एकेक कॉइल उपसायची आणि फरक ऐकायचा. शॉक बसतो हा एक भाग. दुसरा भाग महागडा: त्या सिलिंडरचं न जळलेलं पेट्रोल थेट सायलेन्सरकडे जाऊ शकतं.

इथेच फटाक्यांचा हिशेब आहे. आवाज मागून येत असेल तर न जळलेलं पेट्रोल गरम एक्झॉस्टमध्ये पेटतंय. म्हणजे ते मिसफायरचंच पोर असतं, वेगळा आजार नव्हे. वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे. तो तापतो, आतली जाळी वितळते, एक्झॉस्ट तुंबतो, आणि टर्बोही त्याच वाटेवर बसलाय. चेक इंजिनचा दिवा नुसता लागलाय आणि लुकलुकतोय, यात मोठा फरक आहे. लुकलुकणारा दिवा म्हणजे कन्व्हर्टरला इजा होईल इतका मिसफायर चालू आहे. अशा गिऱ्हाइकाचा फोन आला तर "घेऊन या चालवत" म्हणू नका. टोचन करून आणायला सांगा. तुमचं काम दोन तास उशिरा होईल, त्याचा कन्व्हर्टर वाचेल.

आवाज पुढून, एअर फिल्टरच्या बाजूने येत असेल तर गोष्ट निराळी. पेट्रोल फार कमी पडतंय, टायमिंग चेन ताणून टायमिंग सरकलंय किंवा इनटेक व्हॉल्व्ह नीट बसत नाही. इथे पार्टची ऑर्डर द्यायच्या आधी कॉम्प्रेशन मोजा.

आणि मग हवेची गळती, माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. टर्बोपासून इंटरकूलर, तिथून थ्रॉटल, मध्ये रबरी होज आणि क्लॅम्प. एखादा होज फाटला की पाय दाबल्यावर हवा बाहेर पळते. एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत ही हवा आधीच मोजलेली असते, तिच्या हिशेबाने पेट्रोल सुटतं, मिश्रण दाट होतं, काळा धूर आणि झटके येतात. नुसत्या प्रेशर सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत बहुधा दम कमी पडतो आणि सूं-सूं आवाज येतो. हौसेने बाहेर हवा सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवलेली पोरं येतील, गिअर बदलताना फट्‌फट् वाजतं म्हणून. कारण तेच, मोजलेली हवा बाहेर गेली. (त्याला फट्‌फटच हवी असेल तर तो प्रश्न तुमचा नाही.) थ्रॉटलच्या पुढची गळती उलटी वागते. आयडलला बाहेरची हवा आत ओढली जाते, फ्युएल ट्रिम अधिकमध्ये जातो आणि रेस वाढवली की सुधारतो. ट्रिम लोडवर आणखी अधिकमध्ये जात असेल तर पेट्रोलचा पुरवठा तपासा. पण डायरेक्ट इंजेक्शनच्या रेलमध्ये शेकडो बार दाब असतो. दाब उतरवल्याशिवाय तिथल्या नटाला पाना लावायचा नाही. अंदाजपंचे अजिबात नाही.

आता धंद्याचं. समजा तीन कॉइल नऊ हजारांच्या आणि खरा दोष दीडशे रुपयांच्या क्लॅम्पचा. पार्ट विकणाऱ्याला नऊ हजारांत मार्जिन मिळालं आणि गाडी परत आली. तपासणी विकणाऱ्याने हजार रुपये तपासणीचे घेतले, क्लॅम्प लावला, गाडी गेली ती गेली. तपासणीचे पैसे दुरुस्तीच्या बिलातून वजा करा असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही. वजा केलेत की तपासणी फुकट असते हे तुम्हीच गिऱ्हाइकाला शिकवता, आणि मग ते पैसे पार्टमधून काढायचा मोह होतो.

गाडी आत घेण्याआधी सरळ बोला: "साहेब, दोष शोधायला दीडेक तास लागेल, त्याचे हजार रुपये होतील. दोष सापडला की तुम्हाला दाखवतो, दुरुस्तीचा आकडा सांगतो, तुम्ही हो म्हणालात तरच पुढे." काही जण निघून जातील, जाऊ द्या. जे थांबतील त्यांच्या जॉब कार्डवर कोड, कधी होतं ते, काय अदलाबदल केली आणि काय निघालं, चार ओळी लिहा आणि त्याचा फोटो त्यांच्या मोबाईलवर पाठवा. गळतीसाठी स्मोक मशीन विकत घ्यावं का, महिन्याला किती गाड्या आल्या तर ते परवडतं, तो हिशेब पुढच्या व्हिडिओत करू.