टंकलेखन यंत्र गेले, आता काय शिकावे?



एके काळी दहावी-बारावी झालेल्या मुलाला वडीलधारी मंडळी हमखास विचारीत, "टायपिंग केलेस का?" इंग्रजी ४० आणि मराठी ३० शब्दांचे प्रमाणपत्र म्हणजे कारकुनाच्या नोकरीचे दार होते. वसई तालुक्यातून लोकलने मुंबईला जाणाऱ्या कित्येकांच्या संसाराला त्या प्रमाणपत्राने आधार दिला. त्या कष्टांना कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु ते यंत्र टिकले नाही. गोदरेज कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला आणि २००९ साली त्याचे उत्पादन थांबविले. आपल्या राज्यात यंत्रावरील टंकलेखनाची शासकीय परीक्षा २०१७ साली अखेरची झाली. तिची जागा संगणक टंकलेखनाने घेतली. दरम्यान, शासकीय नोकरीसाठी एमएससीआयटीचे प्रमाणपत्रही आवश्यक झाले. आता २०२२ नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वांच्या हाती आली असून पत्राचा मसुदा, भाषांतर, माहितीची नोंद ही कामे यंत्रच करू लागले आहे.

यातून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. नवे यंत्र आले की सर्वांत आधी खालच्या पायरीवरचे काम जाते, आणि गरिबाचे मूल बहुधा त्याच पायरीवर उभे असते, कारण कमी खर्चात व कमी मुदतीत तेवढेच शिकता येते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे फार पूर्वी ओळखले होते. १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात त्यांनी मांडले की, केवळ कला व कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्य समाजाची फारशी उन्नती होणार नाही. विज्ञान व तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, आणि तो खर्च या समाजाच्या आवाक्याबाहेरचा असल्याने सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात. पुढे १९४६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सुरू केलेले सिद्धार्थ महाविद्यालय कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांचे होते.

वरची पायरी म्हणजे काय, ते एका उदाहरणाने पाहू. १०,००० रुपये दसादशे ८ टक्के चक्रवाढ व्याजाने २ वर्षे ठेवले. संगणकाने उत्तर दिले ३२,४०० रुपये. केवळ बटणे शिकलेला मुलगा ते उतरवून घेईल. गणित समजलेली मुलगी म्हणेल, पहिल्या वर्षाचे व्याज ८००, म्हणजे १०,८००. दुसऱ्या वर्षी त्यावर ८६४, म्हणजे ११,६६४. मग चूक कोठे? कोणीतरी ८ च्या जागी ८० टक्के दर भरला आहे! यंत्र बदलले तरी ही समज तिच्यापाशी राहील.

म्हणून काही सूचना कराव्याशा वाटतात.

१) विद्यार्थ्यांनी गणित व विज्ञान पाठ न करता समजून घ्यावे. यंत्राने दिलेले उत्तर आधी अंदाजाने तपासण्याची सवय लावावी.

२) मराठी नेमके लिहिता यावे, आणि इंग्रजी पुस्तक स्वतः वाचता यावे. नवे ज्ञान बहुतांशी इंग्रजीतून येते.

३) पालकांनी "कोणत्या कोर्सने लगेच नोकरी लागेल?" एवढेच न विचारता "यापुढे काय शिकता येईल?" हेही विचारावे. मुलगी हुशार असेल तर तिला विज्ञान शाखेस घालताना खर्चाचे निमित्त करू नये.

४) संस्थांनी सत्काराबरोबरच अभ्यासिका, संगणक आणि शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेत भरून देणारा एक जाणकार माणूस एवढी सोय करावी. माहितीअभावी शिष्यवृत्ती हुकणे हे मोठे नुकसान आहे.

आजचा संगणकही उद्या जुना होईल. तो जुना झाल्यावर पुन्हा शिकायला बसण्याची तयारी ज्याच्या अंगी असेल, त्याला बदलाची भीती बाळगण्याचे कारण नाही. ही तयारी शाळेतच होते, आणि ती करून घेणे ही आपणां सर्वांची जबाबदारी आहे.