लोणारचा खार आणि घरगुती भाजका खाऊ

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हे गाव काळ्या बसाल्ट खडकात उल्कापाताने निर्माण झालेल्या सरोवरामुळे जगाला परिचित आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरातील पाणी केवळ खारट नाही, तर ते तीव्र अल्कधर्मीही आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या ‘आईन-ए-अकबरी’त काच व साबण यांना लागणारा पदार्थ या भागात मिळत असल्याची नोंद आढळते. हा पदार्थ म्हणजे सोड्याचा खार होय. स्वयंपाकघरातील खाण्याचा सोडा याच कुळातील आहे. त्यातील एक खार कपड्याचा मळ काढतो, तर दुसरा पिठाला हलकेपणा आणतो. या दोहोंतील भेद आणि दुसऱ्याचे योग्य प्रमाण समजले, तर अल्प खर्चात मुलांसाठी चांगला भाजका खाऊ घरोघरी तयार होऊ शकतो. प्रमाण चुकले, तर खाऊ खुसखुशीत होतो, पण धान्यातील पोषणाचा काही भाग मात्र वाया जातो.

वऱ्हाडातील परंपरा

भट्टीत भाजलेला पदार्थ म्हटला की पाव आणि बिस्किटे डोळ्यांसमोर येतात. परंतु पीठ मळून ते कोरड्या धगीवर भाजण्याची कला वऱ्हाडाला नवी नाही. कणकेचे रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजले जातात, तर पानगे पळसाच्या पानांत ठेवून भाजतात. संत एकनाथांच्या भारुडामुळे रोडगा महाराष्ट्रभर पोहोचला. चारी बाजूंनी मंद व सारखी धग देणे, हेच रोडग्याचे तंत्र आणि तेच ओव्हनचेही तत्त्व आहे. म्हणून ही विद्या शिकविताना आरंभ रोडग्यापासून करणे सयुक्तिक ठरेल.

सोड्याचे कार्य

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. दही, ताक किंवा लिंबू यांसारखा आंबट पदार्थ मिळताच त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. या वायूचे बारीक बुडबुडे पिठात अडकतात, धगीने फुगतात आणि पदार्थ हलका होतो. आंबटपणा नसेल तरी उष्णतेने सोड्याचे विघटन होते व वायू सुटतो. मात्र अशा वेळी मागे सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, उरतो. पदार्थाला साबणासारखी चव व पिवळट डाग येतात ते यामुळेच. शिवाय अल्कधर्मी पिठात उष्णतेने ‘ब-१’ जीवनसत्त्व लवकर नष्ट होते. कोंड्यासह दळलेल्या धान्यातून जे मिळवावयाचे, तेच जास्त सोड्यामुळे गमावले जाते.

हळदीची परीक्षा

सोडा अधिक झाला की नाही, हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. हळद व चुना यांपासून कुंकू होते, हे घरोघरी ठाऊक आहे. अल्कधर्मी पदार्थाच्या सान्निध्यात हळद लाल होते. पिठात चिमूटभर हळद घालून मळल्यावर गोळा पिवळा राहिला, तर प्रमाण योग्य समजावे. तांबूस छटा किंवा लाल ठिपके दिसले, तर सोडा जास्त पडला आहे अथवा नीट मिसळलेला नाही. अशा वेळी थोडे आंबट दही घालून पुन्हा मळावे. शिक्षकांना हाच प्रयोग आम्ल-अल्कलीच्या पाठात वर्गात करून दाखविता येईल.

ज्वारीच्या खाऱ्या चकत्या

ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. हरभऱ्यासारख्या डाळीत ते पुरेसे असते, म्हणून ही जोडी एकमेकींची उणीव भरून काढते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसल्याने थोडी कणीक घालणे आवश्यक असते.

साहित्य : ज्वारीचे पीठ २०० ग्रॅम, कणीक १०० ग्रॅम, बेसन १०० ग्रॅम, तेल ४ मोठे चमचे, आंबट दही १०० ग्रॅम, तीळ २ चमचे, ओवा व जिरे प्रत्येकी १ चमचा, मीठ १ लहान चमचा, खाण्याचा सोडा सपाट पाव लहान चमचा, हळद, तिखट आणि बारीक चिरलेली कोथिंबीर किंवा शेवग्याचा पाला.

कृती : पिठे, मीठ व सोडा दोनदा एकत्र चाळावीत. तेल पिठाला चोळावे. मसाला व पाला मिसळून दह्यात, लागल्यास थोड्या पाण्यात, घट्ट गोळा मळावा. पंधरा मिनिटे झाकून ठेवून सुमारे ३ मिलिमीटर जाड लाटावे, चकत्या कापाव्यात व काट्याने टोचे मारावेत. टोच्यांतून वाफ निघून गेल्याने चकती पुरीसारखी फुगत नाही. १७० ते १८० अंश सेल्सियसला १५ ते २० मिनिटे, कडा बदामी होईपर्यंत भाजावे.

याच पद्धतीने गोड खाऊही होतो. ज्वारीचे पीठ १५० ग्रॅम, कणीक १०० ग्रॅम, शेंगदाण्याचे कूट ५० ग्रॅम, भाजलेल्या जवसाची पूड ३० ग्रॅम, किसलेला गूळ १०० ग्रॅम, तूप ७५ ग्रॅम व चिमूटभर सोडा घेऊन थोड्या दुधात गोळा करावा. या वड्या भट्टीतून काढताना मऊ असतात व निवल्यावर कडक होतात. जवसाची पूड लवकर खवट होते, म्हणून ती ताजीच करावी.

जिल्ह्यात सोयाबीनचे पीक मोठे आहे. बेसनाचा काही भाग सोयाबीनच्या पिठाने बदलता येईल. तथापि कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारे घटक असतात. त्यामुळे डाळ २५ ते ३० मिनिटे उकळून, वाळवून मगच दळावी.

ओव्हन नसल्यास

जाड बुडाच्या पातेल्यात बोटभर वाळू पसरून त्यावर तिवई ठेवावी. घट्ट झाकण लावून पातेले मध्यम आचेवर पंधरा मिनिटे तापू द्यावे. मग तेल लावलेली थाळी तिवईवर ठेवून मंद आचेवर २५ ते ३० मिनिटे भाजावे. झाकण वारंवार उघडू नये. खाऊ पूर्ण निवल्यावरच हवाबंद डब्यात भरावा; गरम भरल्यास वाफेने मऊ पडतो.

लक्षात घ्यावयाच्या मर्यादा

भाजलेला प्रत्येक पदार्थ आरोग्यदायी असतो, असे मानणे चुकीचे आहे. मैदा, साखर व भरपूर वनस्पती तूप वापरल्यास भाजण्याचा लाभ उरत नाही. मात्र तळणीचे तेल पुनःपुन्हा तापविण्याचा धोका येथे टळतो. हा धोका ओळखूनच तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगांवर २०१८ पासून २५ टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली आहे. मिठाइतकाच सोड्यातही सोडियमचा विचार करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मिठाची शिफारस केली आहे.

सरोवराकाठचा खार मात्र खाद्यपदार्थांत कदापि वापरू नये. त्यात धुण्याचा सोडा, मीठ, चिखल व सूक्ष्मजीव यांचे अनिश्चित मिश्रण असते. शिवाय लोणार हे २००० पासून वन्यजीव अभयारण्य व २०२० पासून रामसर पाणथळ स्थळ आहे. तेथील खार उचलणे म्हणजे अमूल्य नैसर्गिक ठेव्याची हानी करणे होय.

ग्रामपातळीवरील कार्य

अंगणवाडीतील पालकसभा, शाळेतील कार्यानुभवाचा तास आणि महिला बचतगटाची बैठक या तिन्ही ठिकाणी हे प्रात्यक्षिक सहज होऊ शकते. गटाने विक्री करावयाचे ठरविल्यास २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानुसार नोंदणी करून घ्यावी. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेची माहितीही अशा गटांपर्यंत पोहोचविणे उपयुक्त ठरले आहे. पंचायत सदस्यांनी गावात एक वजनकाटा व मोजमापाच्या चमच्यांचा एक संच उपलब्ध करून दिला, तरी मोठे काम होईल. शेतातील ज्वारी, हरभरा व जवस घरात आहेत आणि भाजण्याची कला हातात आहे. त्यांना प्रमाणाची जोड मिळाली, की मुलांच्या डब्यातील खाऊ चविष्ट व पौष्टिक होईल.