सात मार्ग, शंभर बोलणारे

डोंगरकड्यासारख्या गावात आठवडी बाजार ऐन भरात आला आहे असे समजा. टॉवर समोर दिसतो, फोनच्या पडद्यावर संकेताच्या रेघाही भरलेल्या आहेत, तरी फोन लागत नाही! अशा वेळी कुणाला तातडीने डॉक्टरांना बोलवायचे असेल, तर जीव टांगणीला लागतो. असे का व्हावे?

रेडिओलहरींचा वापरण्याजोगा पट्टा मर्यादित असतो. तो वाटूनच वापरावा लागतो. जीएसएम पद्धतीत एका वाहक लहरीला 200 किलोहर्ट्‌झचा पट्टा मिळतो. कालव्याचे पाणी जसे पाळीने शेतांना देतात, तशी ही लहर आठ जणांना आळीपाळीने मिळते. एक पाळी सुमारे 0.58 मिलिसेकंदाची असते आणि 4.6 मिलिसेकंदांनी ती पुन्हा येते. म्हणून बोलण्यात खंड जाणवत नाही. एक पाळी टॉवरच्या स्वतःच्या कामकाजासाठी राखली, तर संभाषणाला सात मार्ग उरतात.

आता हिशेब करू. तासाभरात 100 जण प्रत्येकी 3 मिनिटे बोलणार. एकूण 300 मिनिटे. त्याला 60 ने भागले, की सरासरी 5 मार्ग लागतात. मग सात पुरेसे नाहीत का? नाहीत! लोक काही ठरवून एकापाठोपाठ फोन करीत नाहीत. कधी दोघेच बोलत असतात, तर कधी दहा जण एकदम फोन लावतात. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणिती आग्नर एर्लांग यांनी 1917 साली याचे सूत्र प्रसिद्ध केले. त्यानुसार येथे 100 पैकी सुमारे 12 फोन लागणार नाहीत.

शेजारी असाच दुसरा गट आहे: 100 माणसे, सात मार्ग. त्यांचेही 12 फोन अडतील. आता दोन्ही गटांचे 14 मार्ग एकत्र करा आणि 200 जणांना खुले ठेवा. अडणारे फोन 100 मागे 6 हूनही कमी होतात! माणसे तेवढीच, मार्गही तेवढेच. पण एका गटाचा रिकामा मार्ग आता दुसऱ्याच्या उपयोगी पडतो. फोर-जी जाळ्यात तर कोणाला किती वाटा द्यायचा, हे टॉवर दर मिलिसेकंदाला नव्याने ठरवतो.

करून पाहा: संध्याकाळी 7 ते 8 या वेळात घरातील सर्वजण फोनवर एकूण किती मिनिटे बोलले, ते मांडा आणि 60 ने भागा. येणारी संख्या म्हणजे तुमच्या घराची ‘एर्लांग’मधील वर्दळ. त्या गणितज्ञाचे नाव या एककाला दिलेले आहे.