तुर्तुकला जाताना, तुर्तुकहून येताना

लेहहून ‘खारदुंग ला’ हा घाट ओलांडायचा, नुब्रा खोरं गाठायचं आणि श्योक नदीच्या काठानं पुढे जात राहायचं. सुमारे २०० किलोमीटरवर सीमेजवळचं तुर्तुक गाव येतं. ऑगस्टमधले चार दिवस मी तिथे राहिले. त्यातून उमगलं ते असं.

१. आधी लेहमध्ये विसावा घ्या. लेह ३,५०० मीटरवर आहे. मी दुसऱ्याच दिवशी घाट चढले आणि ती रात्र डोकं धरून काढली. निदान दोन दिवस थांबा.

२. मुक्कामाला जा. दोन तासांत कुट्टूच्या गुलाबी फुलोऱ्याचे फोटो मिळतात, गाव कळत नाही. तुर्तुक लेहपेक्षा खाली असल्यानं तिथे जर्दाळू, अक्रोड पिकतात. जव कापले की त्याच वावरात कुट्टू पेरतात. थोडक्या उन्हाळ्यात दोन पिकं! खडकांच्या फटींतून गार वारा येतो, तिथे दगडी कोठ्या बांधून दूध-लोणी टिकवतात. हे सगळं मला मी राहिले त्या घरच्या बाईंबरोबर पाटाचं पाणी वळवताना समजलं.

३. गावच्या रीतीनं बोला. लडाखभर ‘जुले’ चालतं, पण तुर्तुकचे लोक बाल्टी मुसलमान आहेत. ‘अस्सलामु अलैकुम’ म्हटलं की चेहरे खुलतात. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

४. सीमेबद्दल खोदून विचारू नका. डिसेंबर १९७१च्या भारत-पाकिस्तान युद्धात हे गाव पाकिस्तानकडून भारतात आलं आणि कित्येक घरं दुभंगली. पहिल्याच संध्याकाळी मी यजमान आजोबांना ‘तेव्हा काय झालं?’ असं विचारलं. ते उठून आत गेले. तिसऱ्या रात्री चुलीपाशी आपणहून म्हणाले, “धाकटा भाऊ पलीकडे राहिला.” माझ्यासाठी जो इतिहास होता, ती त्यांच्या घरातली रिकामी जागा होती. ते सांगतील तेवढंच ऐकावं.

५. पैसा गावात ठेवा, कचरा परत आणा. २०१० साली गाव पर्यटकांना खुलं झालं. घरगुती मुक्काम करा, जर्दाळू गावातच विकत घ्या. झाडाखाली पडलेलं फळसुद्धा विचारून उचला. ते कुणाच्या तरी हिवाळ्याची बेगमी असतं.

निघताना आजोबांनी सुक्या जर्दाळूंची पुरचुंडी हातात दिली. “बी टाकू नकोस, बेटी. फोडून बघ, आत गोड असतं.” घरी आल्यावर एकेक बी फोडताना वाटायचं, यातली मूठभर पलीकडे पोचवता आली असती तर!