कंट्रोलर हातात येण्याआधी

सोनीने प्लेस्टेशन ५ चा कंट्रोलर जगाला दाखवला तो ७ एप्रिल २०२० रोजी. नाव ड्युअलसेन्स. मूळ यंत्र कसं दिसतं हे तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं, ते जूनमध्ये दिसलं. आपल्याकडे टाळेबंदी चालू होती, घराबाहेर पडायची सोय नव्हती आणि बोलायला नवा विषय नव्हता. त्यामुळे पांढऱ्या-काळ्या कंट्रोलरच्या मोजक्या फोटोंवर आमच्या मित्रमंडळीत महिनोन् महिने काथ्याकूट चालला. अमेरिका आणि जपानमध्ये विक्री सुरू झाली १२ नोव्हेंबरला. भारताची पाळी आली २ फेब्रुवारी २०२१ रोजी. एवढा वेळ मिळाला की माणूस नको नको त्या शंका काढतो. त्या शंकांपैकी कुठल्या कामाच्या निघाल्या आणि कुठल्या फुकट गेल्या, ते पुढे लिहितो आहे.

१. फोटोवरून पकड कळत नाही.

पहिल्याच दिवशी भाच्याचा फोन आला. ‘मामा, हा तर एक्सबॉक्सचा वाटतोय रे!’ त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. आधीच्या ड्युअलशॉक ४ च्या मानाने हा फुगीर होता, मुठी लांब होत्या. पण तो हाताला कसा लागेल, हे त्यालाही सांगता येत नव्हतं आणि मलाही.

सोनीचाच जुना दाखला आहे. २००५ च्या मे महिन्यात प्लेस्टेशन ३ सोबत केळ्याच्या आकाराचा चंदेरी कंट्रोलर दाखवला होता. लोकांनी त्याला बूमरँग म्हणून हसून घेतलं. वर्षभराने सोनीने तो आकार टाकून दिला आणि जुन्याच धाटणीचा सिक्सॲक्सिस आणला. बूमरँग दुकानात आलाच नाही, त्यामुळे तो हातात वाईट होता की चांगला याचा निकाल खेळणाऱ्यांना कधी लावता आला नाही. हसू झालं ते चित्राचं. याउलट २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्सचा ‘ड्यूक’. तो प्रत्यक्ष हातात घेऊन लोकांनी मोठा म्हटला. जपानसाठी मायक्रोसॉफ्टला लहान कंट्रोलर करावा लागला आणि मग तोच सगळीकडे ड्यूकच्या जागी आला. माझ्या लेखी ही दुसरी तक्रार खरी.

फोटोपेक्षा वजनाचा आकडा जास्त सांगतो. ड्युअलशॉक ४ साधारण २१० ग्रॅमचा, ड्युअलसेन्स २८० च्या आसपास. गादीवर उताणं पडून, हात वर धरून खेळणाऱ्यांना हे ७० ग्रॅम मनगटात कळतात. खुर्चीत बसून खेळणाऱ्यांना कळतही नाहीत. आपण कसे खेळतो हे आपल्यालाच माहीत असतं, त्याप्रमाणे आकडा वाचावा.

२. काय दिलंय ते कंपनी सांगते, काय काढलंय ते आपण शोधावं.

सिक्सॲक्सिस २००६ च्या नोव्हेंबरमध्ये आला तेव्हा त्यात कंप नव्हता. गाडी धडकली, गोळी लागली, की हातात जो थरथराट व्हायचा, तो गायब. कंट्रोलर कसा कलतोय हे ओळखणाऱ्या यंत्रणेला कंपाचा अडथळा होतो, असं कारण कंपनीने दिलं. त्याच वेळी इमर्शन नावाच्या अमेरिकन कंपनीशी कंपाच्या पेटंटवरून सोनीचा खटला चालू होता. २००४ मध्ये ज्यूरीने सोनीला सुमारे ८ कोटी २० लाख डॉलर भरायला सांगितलं होतं. २००७ च्या मार्चमध्ये दोघांची तडजोड झाली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात जपानमध्ये ड्युअलशॉक ३ आला. त्यात कलणंही होतं आणि कंपही होता. अडथळा कुठे गेला, ते ज्याने त्याने समजून घ्यावं.

तेव्हापासून नवा कंट्रोलर जाहीर झाला की मी आधी जुन्याशी ताडून पाहतो. ड्युअलसेन्समधून मोठं असं काही गेलं नव्हतं. बटणांवरचे रंग गेले, एवढी हळहळ मात्र मला वाटली. हिरवा त्रिकोण, लाल गोल, निळी फुली, गुलाबी चौकोन बघत आम्ही वाढलो. त्या जागी पारदर्शक बटणं आणि करडी चिन्हं. खेळायला काही अडत नाही, पण डोळ्यांना चुकल्यासारखं होतं.

३. आपल्याला नसलेली अडचण दुसऱ्याला असते.

प्लेस्टेशनवर ‘हो’ म्हणायला आपण फुली दाबतो. जपानमध्ये पहिल्यापासून गोल म्हणजे हो आणि फुली म्हणजे नाही. प्लेस्टेशन ५ पासून सोनीने साऱ्या जगाला फुलीच लावली. पंचवीस वर्षांची बोटांची सवय जपानी खेळाडूंना मोडावी लागणार होती. आमच्या गप्पांत हा विषय एकदाही निघाला नाही.

४. नवी करामत वापरणार कोण, हे विचारावं.

ड्युअलसेन्सच्या दोन ट्रिगरमागे छोट्या मोटारी आणि दातेरी चाकं आहेत. खेळाच्या हुकमाप्रमाणे ती बोटाला विरोध करतात. धनुष्याची दोरी ताणताना ट्रिगर जड होतो, बंदूक अडकली की ट्रिगरही अडतो. जाहिरातीत हे वाचून मी हुरळलो नव्हतो, कारण वी यूचा गेमपॅड आठवत होता.

तो निन्टेंडोने २०११ मध्ये दाखवला. कंट्रोलरच्या मधोमध ६.२ इंचाचा पडदा. पाहणाऱ्यांतल्या अनेकांना हे नवं यंत्र आहे की जुन्या वीची जोडवस्तू आहे, हेच उमगलं नाही. २०१२ मध्ये ते बाजारात आलं, पण एक डोळा टीव्हीवर आणि एक मांडीवर ठेवून खेळण्यासारखं काय करायचं, हे फार थोड्या खेळांना सुचलं. आधीचा वी १० कोटींच्या वर खपला होता, वी यू १ कोटी ३५ लाखांच्या आसपास थांबला. सिक्सॲक्सिसच्या कलण्याचंही तसंच. ‘लेअर’ नावाच्या खेळात ड्रॅगन उडवायला कंट्रोलर कलवण्याची सक्ती होती. लोक इतके वैतागले की पुढच्या वर्षी साध्या स्टिकने उडवायची सोय द्यावी लागली.

म्हणून माझी शंका अशी होती : सोनीचे स्वतःचे खेळ ट्रिगर वापरतील, बाकीचे कशाला वापरतील? जो खेळ एक्सबॉक्सवरही विकायचा आहे त्याचा मुख्य डाव या ट्रिगरवर बेतता येणार नाही, कारण तिकडे तो नाही. पुढे बरंचसं तसंच झालं. यंत्रासोबत फुकट आलेला ‘ॲस्ट्रोज प्लेरूम’ ही कंट्रोलरची उत्तम ओळख आहे. ‘रिटर्नल’मध्ये ट्रिगर अर्धा दाबला तर नेम आणि पूर्ण दाबला तर दुसरा मारा, अशी खरीखुरी योजना आहे. इतर बऱ्याच खेळांत मात्र तो शोभेपुरता.

आणखी एक शंका आम्ही काढायला हवी होती, ती कुणी काढली नाही. बोटं दुखणाऱ्यांचं काय? आमच्या ओळखीतल्या एका बाईंना सांधेदुखी आहे, आणि त्यांना गाड्यांच्या शर्यतींचं भारी वेड. जड ट्रिगर त्यांना थोड्याच वेळात नकोसा होतो. सुदैवाने सेटिंगमध्ये जाऊन हा विरोध कमी करता येतो, पूर्ण बंदही करता येतो. घरात वयस्कर खेळाडू असेल तर पहिल्याच दिवशी हे करून द्यावं. कंट्रोलरमध्येच बसवलेल्या मायक्रोफोनचं बटणही तेव्हाच दाखवावं, नाहीतर कुकरच्या शिट्ट्या आणि घरातले वाद सातासमुद्रापार ऐकू जातात.

५. दुसऱ्या कंट्रोलरचा हिशेब आधी करावा.

आपल्याकडे एकटं खेळणारं घर विरळा. भाऊ असतो, शेजारचा असतो, सुट्टीत आतेभावंडं येतात. म्हणून ‘जुना चालेल का?’ हा आमच्याकडचा सगळ्यात मोठा प्रश्न होता. २०२० च्या ऑगस्टमध्ये सोनीने उत्तर दिलं : ड्युअलशॉक ४ प्लेस्टेशन ५ ला जोडता येईल, पण त्यावर फक्त प्लेस्टेशन ४ चे खेळ चालतील. भारतात यंत्र ४९,९९० रुपयांना आणि जादा ड्युअलसेन्स ५,९९० रुपयांना आला. दोघांनी नवा खेळ खेळायचा म्हणजे यंत्राच्या किमतीवर आणखी बारा टक्के. ही चिंता रास्त होती, आणि तिच्यावर खिशात हात घालण्याखेरीज उपाय नव्हता.

६. जी शंका कुणी काढली नाही, तीच नडली.

बॅटरी किती टिकेल यावर आम्ही तावातावाने बोललो. आधीची १,००० मिलिअँपिअर-तासांची होती, नवी १,५६०. वायर नव्या टाइप-सी धाटणीची आहे यावर समाधान व्यक्त झालं. मागच्या बाजूला जादा बटणं का नाहीत, यावर भांडणं झाली. अंगठ्याखालच्या स्टिकच्या आत काय आहे, हे मात्र त्या सगळ्या महिन्यांत आमच्यातल्या कुणीही विचारलं नाही.

आणि विचारायला कारण होतं. निन्टेंडो स्विच २०१७ च्या मार्चमध्ये आला, आणि त्याच्या जॉय-कॉनची स्टिक हात न लावता आपोआप सरकते अशा तक्रारी वाढत गेल्या. यालाच ड्रिफ्ट म्हणतात. २०१९ मध्ये अमेरिकेत सामूहिक दावा दाखल झाला. २०२० च्या जूनमध्ये, म्हणजे आम्ही ड्युअलसेन्सच्या रंगावर वाद घालत होतो त्याच दिवसांत, निन्टेंडोचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी भागधारकांसमोर ग्राहकांची माफी मागितली होती. बातमी समोर होती, पण ती ‘त्यांची’ भानगड म्हणून आम्ही सोडून दिली.

स्टिकच्या दोन बाजूंना दोन पोटेन्शिओमीटर असतात. एकावर आडवी हालचाल मोजली जाते, दुसऱ्यावर उभी. आत कार्बनचा पातळ पट्टा आणि त्यावर घासत जाणारी धातूची जीभ. जुन्या रेडिओचा आवाजाचा खटका काही वर्षांनी खरखरायचा, तो याच जातीच्या भागामुळे. पट्टा झिजला, त्याचा भुगा आत साचला, की स्टिक मधोमध असूनही यंत्राला ती कललेली वाटते, आणि पडद्यावरचा माणूस आपोआप भिंतीकडे चालू लागतो. प्लेस्टेशन ५ बाजारात येऊन काही महिने होतात न होतात तोच २०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत ड्युअलसेन्सविरुद्धही सामूहिक दावा दाखल झाला. वस्तू उघडून दुरुस्ती शिकवणाऱ्या आयफिक्सिटने आतला भाग दाखवला, तेव्हा कळलं की तो अल्प्स कंपनीचा, पोटेन्शिओमीटरवरच चालणारा. त्याचं आयुष्य २० लाख फेऱ्यांचं लिहिलेलं. आकडा मोठा वाटतो, पण धावपळीच्या खेळात अंगठा एका मिनिटात किती वेळा हलतो ते एकदा मोजून पाहा.

याला उपाय नव्हता असंही नाही. चुंबक आणि हॉल सेन्सरवर चालणारी स्टिक सेगाने १९९८ च्या ड्रीमकास्टमध्ये बसवली होती. त्यात काही घासतच नाही.

घरातल्या एका कंट्रोलरला ही व्याधी लागली तेव्हा मी तो घेऊन पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलो. दुरुस्ती करणाऱ्या पोराने झाकण उघडलं, पट्टी काढली आणि सर्किट उलटं करून मला दाखवलं. एका स्टिकला चौदा डाग. ‘सर, पार्ट स्वस्त आहे, तो काढण्यात वेळ जातो,’ तो म्हणाला. एकेक डाग वितळवून कथिल ओढून घ्यायचं, पाय मोकळे करायचे, तांब्याची रेघ उखडू द्यायची नाही, मग नवा भाग बसवायचा आणि मधला बिंदू पुन्हा जुळवायचा. हात बसलेला असेल त्यानेच करावं असं हे काम. पावसाळ्यात अशी गिऱ्हाइकं वाढतात, असं त्याचं म्हणणं. नुसता क्लीनर फवारून देणारे दुकानदारही आहेत. त्याने काही दिवस बरं वाटतं आणि मग ड्रिफ्ट परत येतो.

७. आता लोक आधी विचारू लागलेत.

५ जून २०२५ रोजी स्विच २ आला. त्याआधीच्या गप्पा मी लक्ष देऊन ऐकल्या. चुंबकाने चिकटणारे नवे जॉय-कॉन निसटतील का, ही शंका होती. ते टेबलावर आडवे धरून माउससारखे वापरायचे, त्याने मनगट दुखेल का, ही होती. पण पहिला प्रश्न ड्रिफ्टचा होता. स्टिक नव्याने घडवली आहे, असं निन्टेंडोने सांगितलं. ती हॉल सेन्सरची नाही, हेही विचारल्यावर मान्य केलं. भारतात निन्टेंडोची अधिकृत विक्री नाही. इथे येतो तो बाहेरून आणलेला माल, आणि बिघडला तर कंपनीच्या दारात जाता येत नाही. स्विच २ घ्यायचा विचार करणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं.

सोनीने २०२३ च्या जानेवारीत ड्युअलसेन्स एज काढला. त्यात मागची बटणं आली आणि झिजलेली स्टिक डाग न काढता उपसून नवी घालता येऊ लागली. अमेरिकेत साध्या ड्युअलसेन्सची किंमत तेव्हा ७० डॉलर होती, एजची २००, आणि सुट्या स्टिकची २०. म्हणजे ही सोय करता येते हे कंपनीला माहीत आहे, फक्त ती महागड्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवली आहे. मला हे पटत नाही.

तेव्हा पुढचा कंट्रोलर जाहीर झाला, की रंगावर बोला, आकाराला नावं ठेवा, हौस भागवून घ्या. पण दुकानात आगाऊ पैसे भरायच्या आधी दोन प्रश्न विचारा : स्टिक घासणारी आहे की चुंबकाची, आणि ती बिघडली तर वॉरंटीत बदलून मिळते का? उत्तर तोंडी मिळालं तर बिलावर लिहून घ्या.